कपाटातले टाळ

वडील २००६ साली गेले. पुढच्या उन्हाळ्यात पुरंदर तालुक्यातल्या आमच्या गावच्या घराचे छप्पर बदलायचे ठरले आणि माळा रिकामा करायला मी पुण्याहून गेलो. माळ्यावर काय काय असते ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. चेपलेला हंडा, बूड गेलेली कळशी, कडी तुटलेली परात, एक पाय नसलेला चौरंग, जुन्या पंचांगांचा गठ्ठा. दारावरून मोडीवाला चालला होता. त्याला हाक मारली आणि मी माळ्यावरून एकेक वस्तू खाली देत राहिलो. काय काय वजनात गेले ते मी पाहिलेही नाही. त्याने पैसे मोजून ओसरीवर ठेवले आणि तो गेला. अर्ध्या तासात माळा स्वच्छ झाला. मला फार बरे वाटले.

चार दिवसांनी एकादशी आली. आई म्हणाली, "अरे, त्यांचे टाळ काढ बरं. पिशवीत घालून त्या कळशीत ठेवलेत. आज देवळात भजनाला कुणालातरी वाजवायला देऊ."

कळशी गेली होती. कळशीबरोबर टाळही गेले होते.

वडील माऊलींच्या सोहळ्यात एका दिंडीत टाळकरी म्हणून बत्तीस वर्षे चालले. पहिल्याच वारीत त्यांनी पंढरपुरात ते टाळ घेतले होते. काशाचे, जाड, वाजवल्यावर नाद बराच वेळ हवेत राहायचा. एका टाळाच्या काठाला गव्हाच्या दाण्याएवढा टवका गेलेला होता. दोरी हाताच्या घामाने काळी पडली होती. लहानपणी मी त्यांना विचारले होते, की नवी दोरी का घालत नाही? ते म्हणाले होते, "हिला वळण पडलंय." घरात आमच्या अंगावर कधी सोने नव्हते, पण वडील गेल्यावर त्यांचे म्हणून सांगावे असे जे काही मागे राहिले होते, ते एवढेच होते. आणि ते मी मोडीच्या भावाने विकले होते.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या गावी जाऊन त्या मोडीवाल्याला गाठले. तो म्हणाला, "साहेब, माल पुण्याला गेला. आता एकतर भट्टीत, नाहीतर जुन्या बाजारात."

आईला हे सांगितले. ती जात्याच्या पाळीवर बसून तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "जाऊ दे. त्यांनी वाजवले तेवढे वाजले."

मला वाटले, ती माझी समजूत घालते आहे.

पुण्यात कुंभारवेशीजवळ बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. पुढची बारा वर्षे मी रविवारचा वारकरीच झालो तिथला. सकाळी लवकर जायचे, ताडपत्रीवर मांडलेल्या ढिगांपुढे उकिडवे बसायचे आणि पितळेच्या राशीतून हात फिरवायचा. सुरुवातीला फक्त टाळ शोधत होतो. हळूहळू नजर तयार झाली. पितळ कोणते आणि कासे कोणते हे नुसत्या नखाच्या टिचकीने कळू लागले. पितळेचा आवाज लवकर बसतो, काशाचा लांबत जातो. तांबे आणि कथील यांचा तो मेळ, त्यामुळे कासे कडकही असते आणि ठिसूळही. आपटले तर पितळेसारखे चेपत नाही, त्याचा टवका उडतो. टाळाच्या मधले भोक दोरीने घासून एका बाजूला लांबट झाले असेल, तर तो टाळ खरोखर वर्षानुवर्षे वाजलेला. भोक गोल आणि अंग मात्र काळे दिसत असेल, तर कुणीतरी नव्याला मुद्दाम जुने केलेले. भांड्यांवरची नावे वाचायचाही नाद लागला. बारीक ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली ती नावे, कुणाच्या रुखवतातली, कुणी लेकीला दिलेली, कुणी कुणाच्या स्मरणार्थ देवळाला वाहिलेली. ती सगळी त्या ताडपत्रीवर आली होती. म्हणजे माझ्यासारखे घाईने माळा रिकामा करणारे पुष्कळ होते.

मग पुस्तकांकडे वळलो. शिळाछापाच्या सुट्या पानांच्या पोथ्या, जुन्या भजनाच्या वह्या, तुकोबारायांच्या गाथेच्या जुन्या आवृत्त्या. शके दिसला की त्यात अठ्ठ्याहत्तर मिळवून इसवी सन काढायचा. इंदुप्रकाश छापखान्यात १८६९ साली छापलेल्या गाथेचा पहिला भाग मला कधी मिळाला नाही, पण सरकारने १९५० साली काढलेल्या गाथेच्या दोन प्रती मिळाल्या. सोनोपंत दांडेकर मामांची ज्ञानेश्वरी मिळाली. एक आडवे, शिवलेले, हाताने लिहिलेले बाडही मिळाले. त्यात नामदेवरायांचे आणि जनाबाईंचे अभंग बोरूच्या वळणदार अक्षरांत उतरवलेले होते.

हे सगळे एका लोखंडी कपाटात जमत गेले. टाळांच्या सतरा जोड्या. तार नसलेली एक वीणा. अकरा पोथ्या. कपाटाला कुलूप आणि किल्ली माझ्या खिशात. घरी कुणी आले, की कपाट उघडून दाखवायचे आणि पुन्हा बंद करायचे. कुणी टाळ वाजवायला उचलला, तर माझा जीव वरखाली व्हायचा. सौभाग्यवती एकदा सहज म्हणाली, "अहो, देवघरात एकच टाळ आहे, तो रोज वाजतो. कपाटात चौतीस आहेत, ते मुके." मी तिला जुन्या वस्तूंची किंमत समजावून सांगत बसलो.

सातव्या की आठव्या वर्षी एका चाचांच्या ढिगात मला ती जोडी दिसली. काशाची, जाड, एका काठाला टवका. माझे हात थरथरले. चाचांनी मागितले तेवढे पैसे दिले, घासाघीस केली नाही. त्याच दिवशी एसटीने गावी गेलो. आईने टाळ हातात घेतले, काठावरून अंगठा फिरवला, एकदाच वाजवले आणि नाद विरेपर्यंत थांबली. मग म्हणाली, "असतील."

ती "आहेत" म्हणाली नव्हती. ते मला तेव्हाही कळले होते, पण मी कळले नाही असे केले. शोध संपला म्हणून थांबायला हवे होते, तर तसेही झाले नाही. पुढच्या रविवारी मी पुन्हा बाजारात होतो. वडिलांचे टाळ हे आता केवळ निमित्त उरले होते.

हा सगळा प्रपंच सांगण्याचे कारण पुढे आहे.

मी पूर्ण वारी कधी केली नाही, नोकरीमुळे जमले नाही. पण पुणे ते सासवड हा टप्पा वडिलांच्या दिंडीबरोबर चालायचा नेम ठेवला आहे. २०१९ च्या वारीत तसाच निघालो. तीस किलोमीटरच्या वर चाल. वडकी नाक्यावर विसावा झाला आणि दिंडी दिवे घाटाच्या पायथ्याशी आली. घाटात रथाला जादा बैलजोड्या लावतात, वरती डोंगराच्या कडेने माणसेच माणसे असतात, आणि सगळा घाट टाळमृदंगाने भरून जातो. माझ्या गळ्यात पितळेची नवी, साधी जोडी होती. कपाटातली एकही बरोबर घेतली नव्हती. गर्दीत टवका उडेल, पावसात डाग पडतील, ही भीती.

माझ्या शेजारी बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा चालत होता. आजोबांबरोबर आलेला. त्याच्याकडे टाळ नव्हते. तो टाळकऱ्यांच्या रांगेत पावली बरोबर टाकायचा आणि नुसत्या हातांनी टाळी द्यायचा. आमच्या विणेकरी बुवांनी त्याला पाहिले आणि माझ्याकडे वळून विचारले, "माऊली, तुमच्याकडे जुने टाळ पुष्कळ आहेत असं ऐकलं. एखादी जोडी या पोराला देता येईल का? आज नाही, पुढल्या मुक्कामी पाठवली तरी चालेल."

मी म्हणालो, "आता नाहीत बुवा. दिले सगळे."

तोंडातून हे गेले कसे, ते मला आजही सांगता येत नाही. बुवा "बरं बरं" म्हणून पुढे झाले. चाल सुरू झाली. मुलगा टाळी वाजवत राहिला. आणि मी त्याच तोंडाने नाम घेत घाट चढू लागलो.

वारीच्या वाटेवर खोटे बोललो होतो. तेही कशासाठी? कुणाच्या तरी वडिलांचे, कुणाच्या तरी माळ्यावरून निघालेले, भट्टीच्या दारातून परत आलेले काशाचे दोन तुकडे मुलाला द्यावे लागू नयेत म्हणून. घाटाचे प्रत्येक वळण त्या दिवशी मला जड गेले. गळ्यातल्या टाळांचे वजन तर पावशेरही नसेल.

चालता चालता नामदेवरायांची परिसाची गोष्ट आठवत राहिली. आपण सर्वांनी ती कीर्तनात ऐकलेली आहे. परिसा भागवतांच्या घरी लोखंडाचे सोने करणारा परीस होता. त्यांच्या बायकोने कळवळ्याने तो राजाईला, म्हणजे नामदेवांच्या पत्नीला, दिला. नामदेवांना कळले तेव्हा त्यांनी तो उचलून चंद्रभागेत टाकला. परिसा भागवत तळमळत आले, माझा परीस द्या म्हणून. नामदेवांनी पाण्यात हात घातला आणि ओंजळभर खडे काढून पुढे केले. यातला तुमचा कोणता तो ओळखून घ्या. सगळेच परीस होते. इतकी वर्षे ही गोष्ट ऐकताना मी मनाने नामदेवांच्या बाजूला उभा असायचो. घाटात प्रथमच कळले, की मी परिसा भागवतांच्या बाजूला उभा आहे. काठावर उभा राहून माझा कोणता, माझा कोणता, म्हणून तळमळणारा.

पुढे आमचे विणेकरी बुवा चालत होते. सप्ताहात विणेचा पहारा कसा चालतो ते आठवा. सात दिवस, रात्रंदिवस, वीणा जमिनीवर टेकवायची नाही. एकाचा पहारा संपला की दुसरा येतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. ती कुणाचीच नसते आणि जिच्या पहाऱ्याची वेळ असेल त्या माणसाची पूर्ण असते. आपल्या संप्रदायात वस्तू जपायची रीत ही अशी आहे. हातातून हातात देत राहायचे. नाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीच्या जुन्या प्रती मिळवल्या, पाठ ताडून पाहिले, शके १५०६ मध्ये शुद्ध प्रत सिद्ध केली. जुन्याचा शोध त्यांनीही घेतलाच. पण ती प्रत त्यांनी पैठणला बासनात गुंडाळून ठेवली असती, तर आज आपण पारायणाला बसलो नसतो. बासनात गुंडाळणे याचा मराठीत काय अर्थ होतो, ते वेगळे सांगायला नको.

सासवडहून घरी आलो तो कपाट उघडूनच बसलो. तीन-चार वर्षांत खालचा खण उपसलाच नव्हता. दोन पोथ्यांना कसर लागली होती. वेखंडाचे तुकडे ठेवायचे ते मी ठेवले होते, पण बदलले नव्हते. टाळांच्या जुन्या दोऱ्या हात लावताच तुटू लागल्या. मी जपतो आहे असे म्हणत होतो आणि वस्तू माझ्या ताब्यात मरत होत्या. विणेच्या भोपळ्याला भेग गेली होती.

तेव्हा ठरवले, पुढच्या वारीला सगळ्या जोड्या घेऊन जायच्या आणि दिंडीत वाटायच्या. त्या मुलाला शोधायचे. बुवांची माफी मागायची. पण २०२० साली पायी वारीच झाली नाही. माऊलींच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. घरात बसून आपण सर्वांनी ते पाहिले. मी आईला म्हणालो, "बघ, द्यायचे ठरवले आणि वारीच थांबली. आता पुढच्या वर्षी."

आई म्हणाली, "वारी थांबली म्हणून देणं थांबतं का? आपल्या देवळातही एकादशी येतेच की." मग थोड्या वेळाने म्हणाली, "तुला द्यायचेत की वारीत द्यायचेत?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. देण्यातही मला देखावा हवा होता.

त्या कपाटाची वाटणी करताना काही गोष्टी शिकलो. त्या इथे सांगतो, कारण आपल्या पुष्कळांच्या घरी असे एखादे कपाट, असा एखादा माळा असणार.

जे वाजते, चालते, वापरता येते, ते वापरणाऱ्याच्या हाती द्यावे. टाळ, समया, पारायणाच्या चांगल्या स्थितीतल्या प्रती यांची जागा देवळात, भजनी मंडळात, शिकणाऱ्या मुलांपाशी आहे. विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था सुरू केली, तेव्हापासून विद्यार्थी तिथे गाथा-ज्ञानेश्वरी शिकत आले आहेत. वाचणारा असेल तिथे पुस्तकाने जावे.

हाताने लिहिलेले जे असेल, त्याची गोष्ट वेगळी आहे. ते वापरात ठेवले तर फाटते आणि कपाटात ठेवले तर कसर खाते. माझे बाड मी जाणकारांकडे नेले. पुण्यात १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१७ सालची भांडारकर संस्था आहे. जुने कागद सांभाळण्याचे शास्त्र अशा ठिकाणी माहीत असते. आपल्या घरातल्या बाडात एखाद्या अभंगाचा वेगळा पाठ असू शकतो. तो आपल्या एकट्याचा नाही.

आणि एक कळकळीची विनंती. जीर्ण पोथी नदीत सोडू नका. इंद्रायणीने तुकोबारायांची गाथा तारली, म्हणून आपण आपले माळे तिच्या पात्रात रिकामे करायचे नसतात. ती आधीच पुष्कळ सोसते आहे.

जे अगदीच फुटलेले आहे, ते मोडीत द्यायला काही हरकत नाही. फक्त आधी कळशीत हात घालून पाहावे. फुटके कासे भट्टीत जाते, वितळते आणि पुन्हा ओतले जाते. वडिलांचे टाळ भट्टीत गेले असतील, तर ते आज कुठल्यातरी दिंडीत नव्या दोरीने वाजत असतील. हा विचार मला बारा वर्षे सुचला नव्हता. सुचला तेव्हा जुन्या बाजाराची ओढ एकदम सैल पडली.

संग्रह करणे वाईट, असे मला म्हणायचे नाही. पुण्याच्या बाजीराव रस्त्याजवळचे राजा दिनकर केळकर संग्रहालय आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. दिनकर केळकरांचा मुलगा राजा लहानपणी गेला. त्यांनी आयुष्यभर जमवलेले दिवे, अडकित्ते, भांडी, कोरीव दारे हा सगळा संसार त्याच्या नावाने उभा केला आणि शासनाच्या हवाली केला. मीही दुःखातूनच जमवायला लागलो होतो. त्यांनी दरवाजा उघडा ठेवला, मी कुलूप लावले. फरक तेवढाच, पण केवढा.

मंदिरे पुन्हा उघडल्यानंतर एका एकादशीला सोळा जोड्या दोन पिशव्यांत भरून गावी गेलो. सगळ्यांना नव्या सुती दोऱ्या घातल्या होत्या. देवळात मुलांचे नवे भजनी मंडळ सुरू झाले होते. आई ओट्यावर बसली आणि एकेक जोडी काढून मुलांच्या हातात देत गेली. टवका गेलेली जोडी मी पिशवीच्या तळाशी ठेवली होती. खरे सांगायचे, तर ती उरावी असे मनात होते. सतरावी जोडी मी घरी ठेवलेली होतीच, तरीही ही उरावी असे वाटत होते. ती शेवटी आईच्या हातात आली. तिने काठावरून अंगठा फिरवला, माझ्याकडे पाहिले आणि समोरच्या सातवीतल्या एका मुलीच्या हातात ती ठेवली.

मुलगी म्हणाली, "काकू, याचा काठ तुटलाय."

"जपून वाजव," हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. त्याआधी आई म्हणाली, "तुटू दे. तू वाजव जोरात."

भजन सुरू झाले. सोळा जोड्या एकदम वाजू लागल्या. पहिल्या अभंगात मी कान देऊन त्या एका जोडीचा नाद वेगळा काढायचा प्रयत्न करत होतो. दुसऱ्या अभंगात तो लागेना. तिसऱ्यात मी शोधणे सोडले आणि म्हणू लागलो.

२०२२ साली वारी पुन्हा पायी निघाली. सतरावी जोडी माझ्या गळ्यात होती. वडकी नाक्यावर बुवांना गाठून सगळे सांगितले, खोटे बोललो तेही. बुवांनी ऐकून घेतले आणि माझ्याच पाया पडायला वाकले. मीही वाकलो. तो मुलगा काही दिंडीत दिसला नाही, अजूनही दिसलेला नाही. त्या दिवशी घाटात एका अनोळखी पोराकडे टाळ नव्हते. माझी जोडी काढून त्याच्या गळ्यात घातली आणि मी टाळी वाजवत घाट चढलो.

राम कृष्ण हरी.